परतीची वायर कुठे जाते? वाचकांचे प्रश्न : डीजी कंट्रोलरचं अ‍ॅनालॉग वायरिंग

या वेळी डीजी सेटच्या, म्हणजे डीझेल जनरेटरच्या, कंट्रोलरबद्दल (सेट चालवणारा आणि त्यावर नजर ठेवणारा डबा) इतके प्रश्न आलेत की इन्व्हर्टर-स्टॅबिलायझरवाले पुढच्या अंकात घेतो, त्यांनी राग मानू नये. पाऊस तोंडावर आलाय, इंदुरात पहिल्या वाऱ्यातच लाइट जाते आणि वर्षभर कोपऱ्यात झाकून ठेवलेला डीजी तेव्हाच सगळ्यांना आठवतो. पत्रं वाचताना एक गोष्ट जाणवली, सहापैकी पाच जणांनी सिग्नलची वायर कुठून कुठे जाते ते नीट लिहिलंय, पण परतीची वायर, म्हणजे जिच्यातून सिग्नलचा करंट परत येतो ती, कुठे बांधलीय हे एकानेही लिहिलेलं नाही. आणि अडचण बहुतेक तिथेच असते.

प्रश्न : दादा, सांवेर रोडला आमचं नमकीनचं युनिट आहे, १२५ केव्हीएचा डीजी, १२ व्होल्ट बॅटरीचा. कंट्रोलरवर ऑइल प्रेशर ४.२ बार दाखवतो, पण डीझेल ट्रान्सफरचा डीसी पंप चालू झाला की एकदम २ वर येतं आणि लो ऑइल प्रेशरची वॉर्निंग वाजते. पंप बंद केला की परत ४.२. इंजिनवरचा काट्याचा मीटर मात्र ४.२ वरच असतो. सेन्सर दोनदा बदलला. आता मेकॅनिक म्हणतो कंट्रोलर बदला. काय करू?

कंट्रोलर बदलू नका. सेन्सरही बदलायची गरज नव्हती, पण झालं ते झालं.

काट्याचा मीटर हलत नाही, म्हणजे तेलाचं प्रेशर खरंच ४.२ आहे. हलतंय ते कंट्रोलरचं वाचन, आणि तेही पंप चालला तरच. पंपाचा आणि तेलाचा काही संबंध नाही, संबंध आहे तो वायरचा.

हा सेन्सर म्हणजे प्रेशरनुसार बदलणारा एक रेझिस्टन्स. आपल्याकडे जास्त दिसणारा व्हीडीओ (VDO, सेन्सरची एक कंपनी) टाइपचा सेन्सर शून्याला १० ओहमच्या आसपास आणि १० बारला १८० च्या आसपास असतो, म्हणजे एका बारला साधारण १७ ओहम पकडा. कंट्रोलर त्यातून थोडासा करंट सोडतो आणि किती व्होल्ट पडले ते मोजतो. हिशोबाला समजा १० मिलीअँपिअर सोडला, तर ८० ओहमवर ०.८ व्होल्ट येणार. मोजायला शेवटी एवढंच आहे, एक व्होल्टसुद्धा नाही. आता हा व्होल्टेज कंट्रोलर कुठून कुठपर्यंत मोजतो? सिग्नलच्या टर्मिनलपासून 'सेन्सर कॉमन' म्हणून जे टर्मिनल असतं तिथपर्यंत. सेन्सरची बॉडी इंजिनच्या ब्लॉकमध्ये घट्ट बसलीय, म्हणजे सेन्सरचं दुसरं टोक ब्लॉक आहे. म्हणून सेन्सर कॉमनची वायर सुद्धा ब्लॉकवरच गेली पाहिजे, स्वतंत्र, मध्ये कुठेही न अडकता.

तुमच्याकडे काय झालं असणार ते सांगतो. पॅनल करणाऱ्याने सेन्सर कॉमनची छोटीशी लिंक पॅनलमधल्या बॅटरी निगेटिव्हच्या टर्मिनलला मारली असणार, कारण 'निगेटिव्ह म्हणजे निगेटिव्हच ना'. आणि पंपाचं निगेटिव्हही त्याच टर्मिनलवरून घेतलं असणार. आता पंप ६ अँपिअर घेतो असं धरा, पॅनलपासून इंजिनपर्यंत दीड स्क्वेअर एमएमची ५ मीटर वायर आहे असं धरा. दीड स्क्वेअर एमएम तांब्याचा रेझिस्टन्स मीटरला साधारण १२ मिलीओहम, ५ मीटरला ६० मिलीओहम, त्यातून ६ अँपिअर गेले की ०.३६ व्होल्ट पडले. पॅनलमधला निगेटिव्ह ब्लॉकच्या वर ०.३६ व्होल्टने उचलला गेला आणि कंट्रोलरला तेवढं कमी दिसलं. आपल्या १० मिलीअँपिअरच्या हिशोबात ०.३६ व्होल्ट म्हणजे ३६ ओहम, ३६ ओहम म्हणजे २ बारला थोडं वर. ४.२ मधून २.१ गेले, उरले २.१. तुम्ही लिहिलंय तेच.

अंदाजावर विश्वास नको, मोजून बघा. मल्टिमीटर डीसी मिलीव्होल्टवर, एक प्रोब ब्लॉकच्या स्वच्छ घासलेल्या बोल्टवर, दुसरा कंट्रोलरच्या सेन्सर कॉमन टर्मिनलवर. इंजिन चालू, पंप बंद असताना वाचा, मग पंप चालू करून वाचा. वायरिंग ठीक असेल तर दोन्ही वेळा जवळजवळ शून्यच दिसेल. पंप लावताच दोन-तीनशे मिलीव्होल्ट उसळले तर चोर सापडला. पंख्यापासून आणि बेल्टपासून हात लांब ठेवा, मोठ्या प्रोब-वायरी वापरा.

दुरुस्ती : सेट स्टॉपवर, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली (ऑटोवर राहिलेला सेट लाइट गेली की विचारत नाही, थेट सेल्फ मारतो). पॅनलमधली लिंक काढा. सेन्सर कॉमनपासून एक वेगळी वायर थेट ब्लॉकवर न्या, थिंबल नीट क्रिम्प करून, खालचा रंग खरवडून. चेसिसवर नको, फ्रेमवर नको, कारण इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं आणि फ्रेम ते ब्लॉक हा जोड भरवशाचा नसतो. आणि एकदा ही वायर गेली की तिच्यावरून हूटर, दिवा, रिले कशालाच निगेटिव्ह द्यायचा नाही. डीप सी या कंट्रोलर बनवणाऱ्या कंपनीच्या मॅन्युअलमध्ये या दोन्ही गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या आहेत, ब्लॉकवरच बांधा आणि दुसऱ्या कशासाठी वापरू नका, पण पॅनल करताना मॅन्युअल डब्यातच राहतं.

अजून एक. तुम्ही सेन्सर दोनदा बदललाय, तेव्हा आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली का ते आठवा. पूर्ण आट्या टेपने झाकल्या तर सेन्सरची बॉडी ब्लॉकपासून अर्धवट तुटते आणि मग वाचन थरथरत राहतं. गळतीसाठी टेप हवीच असेल तर काही आटे उघडे सोडा.

आणि कंट्रोलर चांगला आहे हे मेकॅनिकला दाखवायचं असेल तर महारानी रोडवरून १०० ओहमचा एक टक्कावाला रेझिस्टर आणा, सेट बंद ठेवून सेन्सरची वायर सोडवा आणि कंट्रोलरच्या टर्मिनलवर सिग्नल ते कॉमन असा तो लावा. सव्वापाच बारच्या आसपास दिसलं तर कंट्रोलर बरोबर आहे. काही रुपयांच्या वस्तूने हजारोंचा कंट्रोलर वाचतो, मी हे रेझिस्टर बॅगेतच ठेवतो.

प्रश्न : काका, आमच्या सोसायटीचा डीजी आहे, मी कमिटीत आहे. डीझेलची टाकी फुल केली की स्क्रीनवर १३ टक्के दिसतं. अर्धी असताना बरोबर दाखवतं, आणि संपत आली की १०० टक्के. कमिटीतले काही जण म्हणतात ऑपरेटर डीझेल काढतो आणि मीटरशी छेडछाड करतो. तो सात वर्षांपासून आहे, मला तसं वाटत नाही. खरं काय?

ताई, खरं तुम्हीच आकड्यांत लिहून पाठवलंय. तो माणूस निर्दोष आहे आणि हे कमिटीला लेखी दाखवता येतं.

फ्लोटचे सेन्सर दोन जातींचे मिळतात. एक युरोपियन, रिकाम्याला १० आणि फुलला १८० ओहम. दुसरा अमेरिकन, बरोबर उलटा, रिकाम्याला २४० आणि फुलला ३३. तुमच्या टाकीत अमेरिकन बसलाय आणि कंट्रोलरमध्ये सेटिंग युरोपियन आहे. टाकी फुल, सेन्सर ३३ ओहम. कंट्रोलर म्हणतो १० ते १८० मध्ये ३३ म्हणजे १३ टक्के. तुमचा आकडा हाच. रिकामी, २४० ओहम. कंट्रोलर म्हणतो १८० च्याही वर, म्हणजे १०० टक्के. आणि अर्धी टाकी असताना अमेरिकन सेन्सर १०३ ओहमच्या आसपास असतो, युरोपियन हिशोबात तो ५५ टक्के येतो, म्हणून मधे सगळं ठीक वाटतं आणि कोणाच्या लक्षात येत नाही. ज्याला डीझेल चोरायचंय तो रिकामी टाकी १०० दाखवेल हे कळतं, पण भरलेली टाकी १३ कशाला दाखवेल?

टेक्निशियनला सांगा की कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमध्ये फ्युएल इनपुटचा कर्व्ह २४०–३३ वर करायचा. पाच मिनिटांचं काम. टाकी प्लास्टिकची असेल तर अजून एक बघायला सांगा, प्लास्टिकवर बसलेल्या सेन्सरच्या बॉडीला अर्थ कुठून मिळणार, त्याला फ्लँजपासून स्वतःची परतीची वायर लागते. तीही सेन्सर कॉमनलाच जोडायची.

आणि कृपा करून त्या ऑपरेटरला बोलावून सगळ्यांसमोर सांगा की चूक सेटिंगची होती. सात वर्षं रात्री-बेरात्री लिफ्ट चालू ठेवणाऱ्या माणसावर असा संशय राहिला तर तो त्याला आतून खात राहतो, मी असे दोन माणूस काम सोडून गेलेले पाहिलेत.

प्रश्न : पीथमपूरला प्लांटमध्ये ५०० केव्हीए सेट आहे, सोलरबरोबर चालतो. पीएलसीकडून (प्लांट चालवणारा प्रोग्रॅमेबल कंट्रोलर) डीजीच्या कंट्रोलरला किलोवॅटचा सेटपॉइंट (सेटने किती लोड घ्यायचा तो आकडा) ४ ते २० मिलीअँपिअरने द्यायचा होता. आम्ही सिरीजमध्ये २४ व्होल्टचा सप्लाय टाकला तर इनपुट फुल स्केलला अडकतं. सप्लाय काढला तर चालतं पण मोठ्या ब्लोअरचा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) चालला की सेटपॉइंट २०–२५ किलोवॅट वरखाली होतो. आणि एकदा कनेक्टर निघाला तर सेट रिव्हर्स पॉवरवर (जनरेटर वीज देण्याऐवजी उलट ओढायला लागतो तेव्हा) ट्रिप झाला.

तीन वेगळी दुखणी आहेत, एकेक घेऊ.

करंट लूपमध्ये सप्लाय एकानेच द्यायचा असतो. तुमच्या पीएलसीचं आउटपुट कार्ड स्वतः करंट ढकलतं, त्याला अ‍ॅक्टिव्ह म्हणतात, कंट्रोलरचं इनपुट फक्त मोजतं. त्यात तुम्ही अजून २४ व्होल्ट घातला म्हणजे दोघं ढकलायला लागले. दोन तारांचा प्रेशर ट्रान्समीटर असता तर सप्लाय लागला असता, कारण तो स्वतः ढकलत नाही, फक्त वाट अडवतो. कार्डाच्या डेटाशीटमध्ये अ‍ॅक्टिव्ह की पॅसिव्ह हे बघितल्याशिवाय वायर लावू नका. आणि कंट्रोलरच्या इनपुटवर रेझिस्टिव्ह, व्होल्टेज, करंट असा पर्याय असतो, कधी सॉफ्टवेअरमध्ये, कधी जंपरवर, तो करंटवरच आहे ना ते तपासा. ज्या कंट्रोलरला फक्त व्होल्टेज समजतं तिथे टर्मिनलवर २५० ओहम टाकला की ४ ते २० मिलीअँपिअरचे १ ते ५ व्होल्ट होतात.

ज्यांच्याकडे १२ व्होल्टचा सेट आहे आणि दोन तारांचा ट्रान्समीटर लावायचाय त्यांच्यासाठी इथेच सांगून टाकतो. ट्रान्समीटरला स्वतःला १० व्होल्टच्या आसपास लागतात, २५० ओहमवर २० मिलीअँपिअरला ५ व्होल्ट जातात, झाले १५. बॅटरी १२ ची, आणि सेल्फ मारताना ती ८ पर्यंत सुद्धा खाली येते. म्हणून सेल्फच्या वेळी प्रेशर शून्य दिसतं. तिथे आयसोलेटेड डीसी-डीसी कन्व्हर्टर घेऊन २४ व्होल्ट तयार करा.

आता तुमच्या हलणाऱ्या सेटपॉइंटचं. ५०० केव्हीए म्हणजे ०.८ पॉवर फॅक्टरला ४०० किलोवॅट, ४ मिलीअँपिअरला ० आणि २० ला ४०० धरलं तर एक मिलीअँपिअर म्हणजे २५ किलोवॅट. म्हणजे तुमचा गोंधळ जेमतेम एक मिलीअँपिअरचा आहे. पीएलसी एका खोलीत, डीजी दुसरीकडे, दोन्हींची अर्थिंग वेगळी, आणि पीएलसीचा शून्य व्होल्ट तिकडे अर्थ, कंट्रोलरचा इकडे ब्लॉकमार्फत अर्थ. व्हीएफडीचा करंट अर्थमधून जातो तेव्हा या दोन अर्थांमध्ये फरक पडतो आणि तो तुमच्या सिग्नलच्या परतीच्या वायरमधून वाट काढतो. पुन्हा परतीचीच वायर. यावर उपाय म्हणजे मधे एक सिग्नल आयसोलेटर, इनपुट ४–२०, आउटपुट ४–२०, दोन्ही बाजू एकमेकींपासून तुटलेल्या. केबल ट्विस्टेड पेअर शील्डवाली, शील्ड एकाच टोकाला अर्थ, दुसऱ्या टोकाला कापून टेप मारलेली. दोन्ही टोकांना अर्थ केली तर शील्डच अर्थ करंटचा रस्ता होते. आणि व्हीएफडीच्या मोटर केबलबरोबर एकाच ट्रेमधून नेलीय का बघा, तुम्ही लिहिलं नाही पण मला वाटतं नेलीय. वेगळी करा, जिथे ओलांडायची तिथे काटकोनात ओलांडा.

तिसरं सगळ्यात गंभीर. कनेक्टर निघाला, करंट झाला ०. तुमच्या स्केलवर ४ म्हणजे ० किलोवॅट, मग ० मिलीअँपिअर म्हणजे उणे १००. कंट्रोलरने इमानदारीने सेट खाली खेचला आणि रिव्हर्स पॉवरच्या ट्रिपने तो वाचवला. सुरुवात शून्यापासून न करता ४ पासून ठेवायचं कारणच हे की तुटलेली वायर ओळखता यावी. ३.६ मिलीअँपिअरच्या खाली गेलं तर 'सेन्सर फॉल्ट' अलार्म आणि सेटपॉइंट जिथे होता तिथेच थांबवणं किंवा ठरलेल्या सुरक्षित लोडवर आणणं, हे कंट्रोलरच्या लॉजिकमध्ये टाका. खालची मर्यादा मी तरी १२० किलोवॅट, म्हणजे ३० टक्के ठेवली असती, त्याखाली डीझेल इंजिन तासन् तास चालवलं की सिलिंडर नीट तापत नाहीत आणि न जळलेलं तेल-डीझेल एक्झॉस्टमध्ये साठतं. ० ते १० व्होल्टचा सिग्नल घ्यायचा सल्ला कोणी दिला तर नको म्हणा, तिथे खरा शून्य आणि तुटलेली वायर सारखेच दिसतात.

प्रश्न : मी देवासचा, आयटीआय करून पॅनलचं काम शिकतोय. एव्हीआरच्या (ऑल्टरनेटरचा व्होल्टेज सांभाळणारं कार्ड) ए१ ए२ टर्मिनलवर ० ते १० व्होल्टचा सिग्नल दिला, पॅनलच्या पॉवर सप्लायमधून पॉट (फिरवून बदलायचा रेझिस्टन्स) लावून. सप्लायचा मायनस अर्थ होता. एव्हीआरमधून धूर आला. मालकाने पैसे कापले. सर, माझं काय चुकलं?

बाळा, तुझ्यासारख्यांना हे कोणीतरी आधीच सांगायला हवं होतं, चूक एकट्या तुझी नाही.

एव्हीआरचा आतला शून्य हा अर्थ नसतो. तो ऑल्टरनेटरच्या वाइंडिंगशी जोडलेला असतो आणि चालू सेटमध्ये अर्थच्या तुलनेत त्यावर जीव जाईल एवढा व्होल्टेज असू शकतो. तू ए१ ला अर्थ जोडलास म्हणजे त्या शून्याला जमिनीवर आपटलंस. अशा इनपुटला येणारा सिग्नल पूर्ण तरंगता, अर्थपासून वेगळा असावा लागतो. शिवाय बऱ्याच एव्हीआरवर हे इनपुट उणे ५ ते अधिक ५ व्होल्टचंच असतं, तू १० देत होतास. ज्या कंट्रोलरला एव्हीआरसाठी आयसोलेटेड आउटपुट आहे त्यातूनच द्यायचा. आणि हँड ट्रिमर पॉटची टर्मिनल्स वेगळी असतात, त्यांना फक्त रेझिस्टन्स लावायचा, बाहेरून व्होल्टेज कधीच नाही.

दिशा तपासायची सोपी रीत आहे. घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल घे, तो तरंगताच असतो. सेट बंद, बॅटरी निगेटिव्ह काढलेली, लोडचा ब्रेकर ऑफ. सेलचा मायनस ए१, प्लस ए२, टेप मारून हात बाजूला. बॅटरी लाव, सेट चालव, व्होल्टेज थोडा वर गेला पाहिजे. बंद कर, सेल उलटा लाव, परत चालव, खाली यायला हवा. चालू सेटवर या दोन तारांना हात लावायचा नाही, सेल फक्त दीड व्होल्टचा असला तरी. मग कंट्रोलरमध्ये मर्यादा अशी ठेव की सिग्नल पूर्ण टोकाला गेला तरी व्होल्टेज ५ टक्क्यांपेक्षा जास्त हलणार नाही. पुढच्या वेळी आधी मला लिही, मग वायर लाव.

प्रश्न : सेटचं पाणी उकळून बाहेर आलं तरी कंट्रोलर ९० डिग्रीच दाखवत होता, ट्रिप झाला नाही. सेन्सर नवा आहे.

तापमानाचा सेन्सर उलटा चालतो, तापला की रेझिस्टन्स कमी होतो. व्हीडीओ टाइप १०० डिग्रीला सुमारे ३८ ओहम, ९० ला सुमारे ५१. म्हणजे वाटेत कुठे १३ ओहमचा गंज बसला, एखाद्या थिंबलमध्ये, कनेक्टरमध्ये किंवा त्या ब्लॉकवरच्या बोल्टखाली, तर १०० चे ९० दिसतात, आणि वायर पूर्ण तुटली तर इंजिन थंडगार दिसतं. ऑइल प्रेशरच्या सेन्सरमध्ये गंज बसला तर प्रेशर जास्त दिसतं, तेही तितकंच वाईट. दोन्ही वायरी आणि परतीचा बोल्ट उघडून घासा, सेट बंद आणि गार असताना सेन्सरच्या टर्मिनलवर ब्लॉकपर्यंतचा रेझिस्टन्स मोजा, मग तोच कंट्रोलरच्या टोकाला वायर सोडवून मोजा, दोन्हींत एक-दोन ओहमपेक्षा जास्त फरक नको. कंट्रोलरमध्ये ओपन सर्किट अलार्म चालू करा. आणि हाय टेम्परेचरचा वेगळा स्विच इंजिनवर असेल तर त्याची वायर डिजिटल इनपुटला जोडा. पुष्कळ सेटवर तो स्विच बसवलेला असतो आणि वायर गुंडाळून टाय मारून ठेवलेली असते.